कन्सोल खेळांसाठी दूरचित्रवाणी पडद्याची निवड

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डो स्विच यांसारखे कन्सोल जोडण्यासाठी दूरचित्रवाणी संच निवडताना, चित्रपट पाहणाऱ्याला कधीच पडत नाही असा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : कंट्रोलरचे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ जातो? आवाज जुळलेला असेल तर चित्रपट अर्धा सेकंद उशिरा दिसला तरी प्रेक्षकाचे काही बिघडत नाही. खेळणाऱ्याचा मात्र तेवढ्यात डाव जातो. नव्या संचांत आज एलसीडी (मागच्या प्रकाशावर चालणारा द्रवस्फटिक पडदा) आणि ओएलईडी (ज्याचे बिंदू स्वतःच उजळतात असा पडदा) हे दोनच मुख्य प्रकार उरले आहेत. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी अशा नावांनी जे विकले जाते ते बहुतांशी एलसीडीच असते. फरक असतो तो त्यामागच्या प्रकाशयोजनेत.

या विलंबाचा प्रश्न जुन्या काचेच्या नळीच्या, म्हणजे सीआरटी संचांत जवळजवळ नव्हताच. येणाऱ्या संकेताबरोबर इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ लगेच रेखाटत जाई, चित्र आधी साठवून त्यावर संस्कार करण्याची पायरीच तेथे नव्हती. निन्टेन्डोच्या १९८४ मधील ‘डक हंट’ या खेळाची प्रकाश-बंदूक याच नेमकेपणावर चाले : चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील संवेदक तो ठरलेल्या वेळी दिसला की नाही हे पाही. आजच्या सपाट पडद्यावर तो चौकोन उशिरा उमटत असल्याने ही बंदूक चालत नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत कॅसेट घालून जे ‘व्हिडिओ गेम’ खेळले जात, त्यांतील बरेचसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या आणि ते याच संचांना जोडले जात. प्लाझ्मा हा गतिमान चित्रासाठी नावाजलेला प्रकार मात्र २०१३-१४ च्या सुमारास प्रमुख उत्पादकांनी बंद केला.

विलंब पडद्याच्या प्रकारामुळे होतो, हा समज बराच रूढ असला तरी तो अपुरा आहे. त्याचा मोठा भाग संचातील चित्रसंस्कारामुळे येतो. हालचाल मऊ दाखवण्यासाठी दोन चौकटींच्या (फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) मध्ये कृत्रिम चौकट घालायची, तर पुढची चौकट येईपर्यंत आधीची अडवून ठेवावीच लागते. चित्रातील दाणेदारपणा काढणे आणि कडा ठळक करणे यांतही वेळ जातो. हे संस्कार चालू असताना विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो. ‘गेम मोड’ लावला की ते बहुतेक बंद होतात आणि चांगल्या संचात ६० हर्ट्झला, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असताना, विलंब साधारण १० ते १५ मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. त्यामुळे गेम मोडमधला साधा एलसीडी संच हा तो मोड न लावलेल्या महागड्या ओएलईडीपेक्षा खेळायला सरस ठरतो. संच विकत घेऊनही हा मोड न लावणारे लोक थोडे नाहीत. म्हणूनच कन्सोल सुरू होताच संचाला आपोआप गेम मोडमध्ये नेणारी एएलएलएम ही सोय पुढे आली.

पडद्याच्या प्रकाराने खरोखर ठरतात त्या गोष्टी म्हणजे काळ्या रंगाची खोली, तेजस्विता, हालचालीची स्पष्टता आणि झीज. एलसीडीत मागून येणारा प्रकाश द्रवस्फटिकांनी अडवायचा असतो आणि तो पूर्ण अडत नाही. एलसीडीची पटले मुख्यतः आयपीएस आणि व्हीए अशा दोन प्रकारची असतात. आयपीएस पटलात प्रकाश व अंधार यांचे गुणोत्तर हजाराला एक याच्या आसपास असते. व्हीए पटलात ते तिप्पट-चौपट चांगले असते, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात आणि गडद छटा बदलायला वेळ लागत असल्याने काळोख्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट शेपूट राहते. मिनी-एलईडीत मागचा प्रकाश शेकडो, प्रसंगी हजारो विभागांत तोडून कमीजास्त केला जातो. त्यामुळे काळा रंग पुष्कळ सुधारतो, तरी अंधारातील लहान तेजस्वी ठिपक्याभोवती प्रभा दिसते. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो. म्हणून काळा खरोखर काळा असतो, आणि छटा बदलायला मिलिसेकंदाचा लहानसा अंश पुरतो. एलजीने ५५ इंची ओएलईडी संच २०१३ मध्ये बाजारात आणला. क्वांटम डॉटचा, म्हणजे शुद्ध रंग देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, थर जोडलेले ओएलईडी संच २०२२ पासून मिळू लागले.

तथापि एवढ्या जलद पडद्यावरही हलते चित्र सीआरटीइतके रेखीव दिसत नाही. ६० हर्ट्झला प्रत्येक चौकट १६.७ मिलिसेकंद स्थिर धरली जाते, डोळा मात्र वस्तूच्या मागे सरकत राहतो आणि चित्र डोळ्यातच पुसट होते. १२० हर्ट्झला हा काळ निम्मा होतो. सेकंदाला ३० चौकटींच्या खेळात उलट अडचण येते : ओएलईडीत चौकट झटकन बदलत असल्याने कॅमेरा फिरताना दृश्य धक्के खाते, तर एलसीडीचा मंदपणा ते धक्के थोडे झाकतो.

१२० हर्ट्झचा पडदा केवळ १२० चौकटींच्या खेळांसाठी असतो असे मानणे चूक आहे. काही खेळांत ४० चौकटींचा पर्याय असतो. चाळीसने साठला नि:शेष भाग जात नाही, एकशेवीसला जातो. म्हणून तो पर्याय १२० हर्ट्झच्या संचावरच नीट चालतो. त्यात प्रत्येक चौकट २५ मिलिसेकंद टिकते, म्हणजे वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० यांच्या बरोबर मधोमध येते. दुसरा लाभ बदलत्या रिफ्रेश रेटचा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो वेग), म्हणजे व्हीआरआरचा. कन्सोलला एखादी चौकट वेळेत तयार करता आली नाही तर एरवी चित्र अडखळते किंवा आडवे फाटते. व्हीआरआरमध्ये पडदाच कन्सोलसाठी थांबतो. प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय एप्रिल २०२२ मध्ये आली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झ या पट्ट्यात काम करते. ओएलईडी संचांत व्हीआरआर चालू असताना गडद दृश्ये लुकलुकण्याचा दोष आढळतो. फोर-के (२१६० ओळींचे) चित्र १२० हर्ट्झने नेण्यासाठी सामान्यतः एचडीएमआय या चित्र-ध्वनी जोडणीच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.१ मानकाचे पोर्ट लागते. पण या मानकातील बहुतेक सोयी ऐच्छिक असल्याने खोक्यावरचा आकडा पुरावा मानू नये. तसेच अनेक संचांत असे पोर्ट दोनच असतात आणि त्यांतले एक साउंडबारने अडवलेले असते. मूळ निन्टेन्डो स्विच १०८० ओळी व ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही, तेव्हा केवळ त्याच्यासाठी हा खर्च व्यर्थ आहे.

ओएलईडीची ठळक अडचण म्हणजे डाग पडण्याची शक्यता. एकाच जागी तासन्‌तास उजळ राहणारी आकृती तेथील बिंदू लवकर झिजवते; खेळातील आयुष्यपट्टी आणि नकाशा अशाच आकृती असतात. विविध खेळ आलटूनपालटून खेळणाऱ्याला याची फारशी धास्ती नको. आपल्याकडे मात्र कन्सोलचा संच बहुधा घराचाही संच असतो, आणि त्यावर दिवसभर बातम्यांची धावती पट्टी, वाहिनीचे बोधचिन्ह व क्रिकेटचा धावफलक चालू असेल तर हिशेब बदलतो. बाल्कनीतून भर दुपारी ऊन येणाऱ्या दिवाणखान्यातही उजळ मिनी-एलईडी अधिक उपयोगी, कारण संपूर्ण पडदा पांढरा झाला की ओएलईडी स्वतःची तेजस्विता उतरवतो. खिडकीचे पडदे ओढून रात्री एकट्याने खेळणाऱ्याला ओएलईडीसारखा पर्याय नाही.

आकाराचा प्रश्न यात गुंतलेला आहे. दृष्टिक्षेत्राचा सुमारे ४० अंशांचा कोन पडद्याने व्यापावा असे धरले तर ५५ इंची संचापासून साधारण पावणेदोन मीटरवर बसावे लागते. खोली लहान असेल तर निवडही आक्रसते : ओएलईडी दूरचित्रवाणी संच ४२ इंचांहून लहान सहसा मिळत नाही, आणि ३२ इंची संच बहुतेक ६० हर्ट्झचेच असतात. अशा वेळी २७ इंची संगणकीय मॉनिटर हा रास्त मार्ग ठरतो. प्लेस्टेशन ५ ने सप्टेंबर २०२२ पासून अशा मॉनिटरांची १४४० ओळींची प्रतिमा देण्यास आरंभ केला. एक्सबॉक्समध्ये ती त्याआधीपासून होती.