पेट्रोल टाकीतील दाब व बाष्पदोषांचे निदान

मोटारीच्या पेट्रोल टाकीत दाब किंवा निर्वात प्रमाणाबाहेर वाढणे, वाफ बाहेर गळणे, अथवा ती नको त्या वेळी इंजिनात ओढली जाणे, या दोषांचे मूळ शोधण्याची पद्धत. डिझेलची वाफ नेहमीच्या तापमानाला फारच थोडी होते, म्हणून ही नोंद पेट्रोल गाड्यांपुरती आहे.

पूर्वी टाकी झाकणातल्या छिद्रावाटे हवेला खुली असे. वाफ अडवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि उर्वरित अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपासून झाली. ती साठवावी कुठे, याबद्दल आरंभी एकवाक्यता नव्हती. काही रचनांत वाफ इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या कोठ्यात, सोडत, काहींत कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये. पुढे कॅनिस्टरच रूढ झाला.

‘व्हेपर लॉक’ या शब्दाने निदानात बराच घोळ होतो. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनाजवळच्या तापलेल्या नळीत किंवा पंपात पेट्रोल उकळून प्रवाह तुटे. मूळ अर्थ तेवढाच. काही जण टाकीत दाब साचण्यालाही तेच नाव देतात. ते टाळलेले बरे. पंप टाकीतच बुडवलेला असतो तेव्हा पुढची नळी दाबाखाली राहते आणि तिच्यात पेट्रोल सहसा उकळत नाही. नावाच्या या गल्लतीपायी चांगला पंप बदलला जातो आणि दोष जागेवरच राहतो.

रचना समजली की निम्मे निदान होते. टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये शोषली जाते. कॅनिस्टरमधली वाफ चालत्या इंजिनात सोडणारा, या दोहोंमधला पर्ज व्हॉल्व्ह एरवी बंद असतो. कॅनिस्टर आणि बाहेरची हवा यांमधला व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो. वीज तुटली तरी दोन्ही याच स्थितीत यायला हवेत. हायब्रिड गाड्यांचा अपवाद मोठा आहे: इंजिन बराच वेळ बंद राहत असल्याने कॅनिस्टर रिकामा होत नाही, म्हणून काहींची टाकी मुद्दाम बंद ठेवतात आणि झाकण उघडण्याआधी बटण दाबून दाब सोडावा लागतो.

झाकण उघडताना येणारा ‘फुस्स’ आवाज दोष मानावा की नाही, यावर मतभेद आहेत. पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८° से. या ठरावीक तापमानाला मोजतात. तो ऋतूनुसार साधारण ५० ते १०० किलोपास्कल भरतो आणि १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळल्यास सुमारे ७ किलोपास्कलने चढतो. त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत हलका आवाज येणारच, असे एक मत. व्हेंटचा मार्ग मोकळा असेल तर दाब साचायलाच नको, असे दुसरे. आवाजापेक्षा दाबाची दिशा (धन की ऋण) महत्त्वाची, हे अधिक ग्राह्य वाटते. झाकण उघडण्याआधीच स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, टाकीच्या दाबाचा आकडा पाहावा. धन आकडा मोठा आणि टिकून असेल तर व्हेंटचा मार्ग तुंबलेला. ऋण असेल तर व्हेंट तुंबलेला आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता जास्त. नंतर झाकण काढून आकडा शून्याजवळ येतो का ते बघावे. येत नसेल तर आधी सेन्सर आणि त्याची तार तपासावी, गळती नंतर.

व्हेंट तुंबतो तो धूळ, चिखल आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत आपल्या ‘६’ मॉडेलच्या गाड्या याच कारणाने परत बोलावल्या: व्हेंटच्या नळीत कोळी जाळे विणत, निर्वात वाढे आणि टाकीला तडा जाण्याचा धोका असे. पेट्रोल पंपावर भरताना नोझल वारंवार आपोआप कट होते, तेव्हाही पहिला संशय याच मार्गावर घ्यावा.

पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्हचा प्लग काढावा, कॅनिस्टरकडची नळी सोडवून तोंडावर बोट धरावे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू न होणे हे याच दोषाचे ठळक लक्षण. भरताना उठलेली वाफ थेट इंजिनात जाऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. व्हॉल्व्हमध्ये काळे दाणे सापडले तर कॅनिस्टर आतून फुटला आहे, दोन्ही बदलावेत. नोझल कट झाल्यावरही टाकी काठोकाठ भरत राहिल्याने द्रव पेट्रोल कोळशात शिरते. हे फुटण्याचे नेहमीचे कारण.

गळती आढळल्यास गाडीचा संगणक नोंदवतो ते फॉल्ट कोड असे: पी०४५५ मोठी, पी०४४२ लहान, पी०४५६ अतिसूक्ष्म, पी०४५७ झाकण सैल. अमेरिकी नियमांत आधी १ मिमी छिद्र पकडणे आवश्यक होते, सुमारे २००० पासून ०.५ मिमी. गाडीची ही स्वयंचाचणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते, म्हणून दुरुस्तीनंतर कोड लगेच परतला नाही यावर विसंबू नये.

गळती शोधायला धूर सोडतात. स्कॅनरने व्हेंट व्हॉल्व्ह बंद करावा, दाब ३.५ किलोपास्कलच्या वर नेऊ नये आणि हवेऐवजी नायट्रोजन वापरावा; हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण भडकू शकते. धूर बहुधा झाकणाच्या रबरी वायसरपाशी, गंजलेल्या फिलर नळीच्या जोडावर किंवा टाकीवरील पंपाच्या ओ-रिंगमधून निघतो. पर्ज व्हॉल्व्हची आतली गळती मात्र बाहेर दिसत नाही, कारण धूर इंजिनात जातो. म्हणून व्हॉल्व्हकडे जाणारी नळी आधी चिमट्याने बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी.