लेस्बॉसची ती ‘दुसरी’ कोण?

‘लेस्बॉस बेटावर सॅफो नावाची कवयित्री राहायची, तिचं बायकांवर प्रेम होतं, म्हणून लेस्बियन हा शब्द पडला.’ इंटरनेटवर हे असं एका दमात सांगितलं जातं. तसं ते खोटं नाही. पण मधली दोन-अडीच हजार वर्षं त्यात गडप होतात, आणि गंमत तर तिथेच आहे.

लेस्बॉस हे ग्रीसचं बेट, पण तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लगटून. सॅफो तिथली, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातली. ‘लेस्बियन’ हे तेव्हा साधं विशेषण होतं: लेस्बॉसचा, लेस्बॉसची. तिथली वाइन नावाजलेली होती. तिथले गवंडी शिशाची वाकणारी मोजपट्टी वापरत. दगड जसा असेल तशी पट्टी वळते, तसाच न्यायही प्रकरण बघून वळायला हवा, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. इंग्रजीत सतराव्या शतकातही ‘लेस्बियन’ म्हटलं की ही पट्टी डोळ्यांपुढे येऊ शकत असे.

लैंगिक अर्थ होता, पण भलताच. अथेन्सच्या विनोदी नाटकांत ‘लेस्बियाझाइन’, म्हणजे लेस्बॉसच्या बायकांसारखं वागणं, हे क्रियापद येतं. त्याचा अर्थ मुखमैथुन, आणि तोही बहुधा पुरुषाशी! आजच्या अर्थाच्या बरोबर उलटा.

मग अर्थ फिरला कुठे? इथे ॲनाक्रिऑन या कवीची आठ ओळींची एक कविता आहे, तिच्यावर अभ्यासक अजून भांडतात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हा ग्रीक कवी म्हातारा झालाय. रंगीत चपला घातलेल्या एका मुलीशी खेळायला मदनदेव त्याला बोलावतो. पण ती लेस्बॉसची. ती त्याच्या पांढऱ्या केसांना नावं ठेवते आणि ‘दुसरी’कडे आ वासून बघत बसते. ग्रीकमध्ये ‘दुसरी’ हे सर्वनाम स्त्रीलिंगी आहे, आणि केसांसाठी वापरलेला शब्दसुद्धा स्त्रीलिंगीच. आपल्याकडे केसांऐवजी दाढी घेऊन बघा: ‘तिला माझी पांढरी दाढी आवडली नाही, ती दुसरीला बघत बसली.’ दुसरी दाढी, की दुसरी मुलगी? व्याकरणाला दोन्ही चालतं. त्यात ती ‘लेस्बॉसची’ आहे हे कवी मुद्दाम सांगतो, म्हणजे त्यातही काही सुचवायचं असणार. पण काय? अथेन्सचा चावट अर्थ लावला तर ‘दुसरी’ म्हणजे पुरुषाचे डोक्यावरचे नव्हे तर खालचे केस, असा तिसराच निष्कर्ष निघतो. मला वाटतं, कवीने मुद्दामच गाठ मारून ठेवली आहे.

ठळक पुरावा मिळतो तो थेट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. लुशियन या ग्रीक लेखकाच्या एका संवादात मेगिला नावाची श्रीमंत बाई आहे, लेस्बॉसचीच. ती टोप काढते तर खाली पैलवानासारखं तासलेलं डोकं. असल्या बायका लेस्बॉसमध्ये असतात म्हणे, अशी कुजबुज तिथे आहे. दहाव्या शतकात अरेथस नावाच्या धर्मगुरूने एका जुन्या ग्रंथाच्या समासात टीप लिहिली आणि बायकांशी संग करणाऱ्या बायकांसाठीच्या इतर शब्दांच्या पंगतीत ‘लेस्बियाइ’ला बसवलं. हा आजचा अर्थ.

तरी तो रुळला एकोणिसाव्या शतकात. १८५७ साली पॅरिसच्या कोर्टाने फ्रेंच कवी बोदलेअरच्या सहा कविता बाद केल्या, त्यांत ‘लेस्बॉस’ नावाचीही होती. पाठोपाठ डॉक्टर आले. १८६९च्या सुमारास बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ वेस्टफाल यांनी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या एका बाईची केस छापली, आणि जी वागणूक तोवर पाप होती ती आता आजार ठरली. त्यानंतरच्या दशकांत असल्या लेखनात अनुमानं ढीगभर, पुरावा चिमूटभर. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं. आपल्याकडे २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती ‘बरी करण्याचे’ उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं जाहीर केलं. तरी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणणारे आहेतच, आणि अंगारे-धुपारे देणारे बाबाही.

सॅन फ्रान्सिस्कोत १९५५ साली स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांची संघटना निघाली, तेव्हा तिने नावात ‘लेस्बियन’ हा शब्द घेतला नाही. ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ (बिलिटिस म्हणजे एका फ्रेंच कवितासंग्रहातली सॅफोच्या काळातली काल्पनिक स्त्री) असं आडवळणाचं नाव ठेवलं, कुणाला पत्ता लागू नये म्हणून. सत्तरच्या दशकात मात्र तोच शब्द स्त्रियांनी उजळ माथ्याने उचलला. जगभरच्या लेस्बियन स्त्रिया सॅफोच्या इरेसॉस गावी सुट्टीला जाऊ लागल्या. बेटावरच्या सगळ्यांनाच ते रुचलं नाही. २००८ साली काहींनी अथेन्सच्या कोर्टात दावा लावला: लेस्बियन आम्ही, समलिंगी संघटनेला हे नाव वापरायला बंदी घाला. कोर्टाने तो फेटाळला.