ऑक्टोबरचा पहिला रविवार: एक दिवस, अनेक मेजे

जगभरातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ऑक्टोबरचा पहिला रविवार ‘जागतिक प्रभुभोजन रविवार’ म्हणून पाळतात. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून मेजाभोवती भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी. ही प्रथा फार जुनी नाही. महामंदीच्या काळात, १९३३ साली, अमेरिकेत पिट्सबर्गच्या शेडीसाइड प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक ह्यू थॉमसन कर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. १९३६ मध्ये त्यांच्या पंथाने ती स्वीकारली आणि १९४० मध्ये फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस या अमेरिकन पंथांच्या संयुक्त संस्थेने इतर पंथांपुढे ठेवली. मात्र ती खरी रुजली दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत.

या कल्पनेत कोणालाच काही सोडायचे नव्हते. दिवस सर्वांचा एक, मेज ज्याचे त्याचे. कुठे किण्वित द्राक्षारस, कुठे साधा द्राक्षांचा रस. कुठे पातळ वेफर, कुठे पाव, तर कुठे चपाती. याला पळवाट म्हणता येईल, पण एकाच मेजाभोवती जमण्याचे प्रयत्न किती महागात पडतात याचा चारशे वर्षांचा अनुभव तिच्यामागे होता.

१५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे दोन नेते, जर्मनीचा ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंगली, भेटले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यावर, म्हणजे प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर व रक्त प्रत्यक्ष असते का यावर, बोलणी अडली ती अडलीच. ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द ल्यूथरने मेजावर खडूने लिहून ठेवले होते म्हणतात! युरोपातल्या ल्यूथरन आणि झ्विंगलीच्या वाटेने गेलेल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांना प्रभुभोजनात अधिकृतपणे सामील करून घेतले ते १९७३ च्या लॉइएनबेर्ग करारानंतर. आफ्रिकेत, आजच्या केनियातल्या किकुयूला १९१३ मध्ये मोंबासाच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) बिशपांनी इतर पंथीयांनाही प्रभुभोजन दिले, तेव्हा झांझिबारच्या बिशपांनी थेट पाखंडाचा आरोप केला.

हिंदुस्थानात पंथाआधी जात आडवी आली. दक्षिणेतल्या काही मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनही आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये हा भेद ताबडतोब बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली; प्याला सर्वांबरोबर घेतला नाही.

पुढे पंथांच्या ऐक्याच्या वाटाघाटींत खरा पेच भाकरीचा कमी आणि ती मोडणाऱ्या हाताचा जास्त होता: बिशपाकडून पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या पाळकाने दिलेले प्रभुभोजन अँग्लिकनांनी वैध मानायचे का? २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा आधीच्या सर्व पाळकांना पुन्हा दीक्षा न देता सामावून घेतले गेले. उत्तरेने वेगळा मार्ग काढला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्या वेळी निरनिराळ्या परंपरांच्या पाळकांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवले, जसे दीक्षा देताना ठेवतात. महाराष्ट्रातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्याही या प्रवाहात आल्या.

सातवा पंथही येणार होता. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी ऐन वेळी माघार घेतली. ते आजही स्वतंत्र आहेत, आणि ऑक्टोबरचा हा रविवार त्यांच्याकडेही पाळला जातो.