वायफाय चॅनल-निर्बंध (लिनक्स)

मोबाइलला वायफाय मिळते, पण त्याच टेबलावरच्या लिनक्स लॅपटॉपच्या यादीत त्या राउटरचे नावच येत नाही, या तक्रारीमागील एक कारण. संगणक आपण दुसऱ्याच देशात आहोत असे धरून चालतो आणि तेथे मुभा नसलेले चॅनल (वायफायच्या पट्ट्यातील क्रमांकित मार्ग) तपासतच नाही.

2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनल 1 चा मध्य 2412 मेगाहर्ट्झवर असतो. पुढे पाच-पाचच्या अंतराने चॅनल 13 चा मध्य 2472 वर येतो. भारतात 2400 ते 2483.5 हा पट्टा जानेवारी 2005 पासून विनापरवाना असल्याने तेराही चॅनल चालतात. अमेरिकेतील वापर मात्र 11 वर थांबतो. 12 व 13 तेथे कायद्याने बंद आहेत असे सर्रास लिहिले जाते; ते तितकेसे नेमके नाही. तेथील पट्टाही 2483.5 पर्यंतच जातो, पण त्यालगतच्या 2483.5 ते 2500 या भागात लहरी सांडण्यावर कडक मर्यादा आहे. 22 मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल 13 वरच्या अंगाला 2483 ला भिडते, म्हणजे कुंपण अवघे अर्ध्या मेगाहर्ट्झवर. शक्ती घटवून हे चॅनल देण्यापेक्षा उत्पादकांनी ते सोडूनच दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चॅनल 14 जपानपुरते.

लिनक्समध्ये सुमारे 2008 पर्यंत अमेरिका, जपान व युरोप एवढेच पर्याय होते. नंतर देशवार नियमसंच व तो कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पुरवणारा 'सीआरडीए' हा प्रोग्राम आला, 4.15 या आवृत्तीपासून कर्नल संच स्वतःच वाचतो. देश ठाऊक नसला की '00' हा जागतिक संकेत लागू होतो. त्यात 12 व 13 वर वायफाय-कार्ड नुसते ऐकते, आपणहून हाक देत नाही. काही कार्डांत अमेरिकेचा संकेत कारखान्यातच भरलेला असतो. मग वापरकर्त्याने 'आयएन' हा भारताचा संकेत दिला तरी दोन्ही देशांना मान्य तेवढेच चॅनल उरतात.

साताऱ्यात सदरबझारसारख्या दाट वस्तीत राउटर 'ऑटो'वर असला आणि 1, 6, 11 वर गर्दी झाली, की तो 13 वर सरकू शकतो. लिनक्सवाला रेंजला दोष देतो. अशा वेळी 'आयडब्ल्यू लिस्ट' या आज्ञेच्या उत्तरात 2467 व 2472 या, म्हणजे चॅनल 12 व 13 च्या, ओळींपुढे 'डिसेबल्ड' (बंद) दिसते. कार्डाशी झटण्यापेक्षा राउटर 1, 6 किंवा 11 वर बांधणे सोपे.

वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यात काही चॅनल रडारसाठी मोकळे करून द्यावे लागतात. सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथील हवामान-रडारचा येथे संबंध नाही. ते 8 ते 12 गिगाहर्ट्झच्या एक्स-पट्ट्यातील आहे.