धर्माची आवश्यकता, विज्ञानयुगातील

सृष्टीतील घटनांचा कार्यकारणभाव विज्ञानाने उलगडून दाखविल्यानंतर मानवाला धर्माची गरज उरते काय, हा आधुनिक विचारातील एक मूलभूत वादविषय आहे. मानवी विचार धर्मकल्पना आणि तत्त्वमीमांसा या अवस्था ओलांडून विज्ञानाच्या अवस्थेत येतो, असे ऑग्यूस्त काँत याने एकोणिसाव्या शतकात मांडले; पुढे त्यानेच ईश्वरावाचून चालणारा मानवतेचा धर्म स्थापण्याचा खटाटोप केला, आणि या वादातील मूळ पेच तेथेच दिसून येतो. धर्माचे खरे कार्य सृष्टीचे स्पष्टीकरण देणे हे नसून समाजाला एकत्र बांधणे हे आहे, असे प्रतिपादन एमील द्यूरकेम याने 1912 मध्ये केले. महाराष्ट्रात हा वाद नुसता ग्रंथांत न राहता गावच्या मांडवापर्यंत आणि नदीच्या घाटापर्यंत पोहोचला तो विशेषतः सातारा-सांगलीच्या पट्ट्यात.

कराडजवळच्या टेंभू येथे 1856 मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर हे या परंपरेतील सर्वांत निःसंदिग्ध बुद्धिवादी होत. नीतीला ईश्वराच्या आधाराची गरज नाही, तिची कसोटी विवेक आणि मानवी सुख हीच असली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी मात्र पुरोहितशाही नाकारूनही धर्म नाकारला नाही; त्यांनी निर्मिकाची, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याची, कल्पना आणि सार्वजनिक सत्यधर्म मांडला, इतकेच नव्हे तर भटजीवाचून लागणाऱ्या लग्नांसाठी स्वतः मंगलाष्टके रचली. या दोघांपैकी ग्रामीण भागात फुल्यांचाच मार्ग रुजला, याचे कारण उघड आहे : शेतकऱ्याला लग्न लावायचे असते, केवळ जुन्या लग्नविधीचे खंडन ऐकून त्याचे काम होत नाही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, त्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर उभारलेल्या लोकांच्या सरकारने (1943–46), ‘गांधी विवाह’ या नावाने अल्प खर्चाची लग्ने लावली, तीही याच समजुतीतून.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने या वादाला वेगळे वळण दिले. केवलानंद सरस्वतींच्या या पाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (1901–94) यांनी एकीकडे धर्मशास्त्रातील वचनांचा संग्रह असलेल्या धर्मकोशाचे संपादन केले आणि दुसरीकडे हिंदू धर्माची कठोर चिकित्सा करीत ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादापर्यंत, म्हणजे ईश्वराऐवजी माणूस आणि त्याचा विवेक केंद्रस्थानी मानणाऱ्या विचारापर्यंत, आले. मराठी विश्वकोशाचे कामही त्यांच्याच संपादकत्वाखाली वाईत उभे राहिले. धर्मशास्त्राचे पाठ जेथे होत, त्याच गावात भौतिकी आणि वनस्पतिविज्ञानावरील नोंदी तपासल्या जाऊ लागल्या, आणि यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. मिरजेत 1894 मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी सुरू केलेले मिशन रुग्णालय हे धर्मप्रेरणा आणि शल्यचिकित्सा यांच्या अशाच सहवासाचे आणखी एक उदाहरण होय.

धर्माचे कोणते कार्य विज्ञानाने हाती घेतले आणि कोणते घेतलेले नाही, हे पाहण्यासाठी अंत्यविधीइतके स्पष्ट स्थळ नाही. कृष्णेच्या घाटावर दहाव्या दिवशी पिंड मांडून कावळ्याची वाट पाहणाऱ्यांत शिक्षक, डॉक्टर, अभियंते असतात, आणि कावळा हा कावळाच आहे हे त्यांना ठाऊक असते. तो शिवेना, तर मृताची कोणती इच्छा राहिली याची कुजबुज सुरू होते. एखादा थोरला भाऊ पुढे होऊन हात जोडून म्हणतो, ‘पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नको.’ तरीही पिंड तसाच राहिला, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि मंडळी उठतात. कावळ्याविषयीची समजूत विज्ञानापुढे टिकत नाही. पण चार भाऊबंदांदेखत दिलेला तो शब्द विधवेला आणि तिच्या मुलीला पुढे उपयोगी पडतो, आणि असा शब्द वदवून घेणारी दुसरी व्यवस्था अद्याप कोणी उभारलेली नाही. अलीकडे काही कुटुंबे रक्षा नदीत न सोडता शेतात पसरून तेथे झाड लावतात. म्हणजे विधी राहतो, त्याचे रूप बदलते.

धर्माची गरज मान्य केल्याने त्याच्या नावाखाली होणारे सर्व काही मान्य करावे लागते, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो फसवा आहे. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे 25 जानेवारी 2005 रोजी काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास 300 भाविक मरण पावले. त्यानंतर यात्रा बंद पडली नाही, पण डोंगरावरील पशुहत्येवर बंदी आली आणि गर्दीच्या नियोजनाकडे प्रशासनाला लक्ष द्यावे लागले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यातही न्यायालयाच्या आदेशानंतर नागपंचमीला जिवंत नागांऐवजी मूर्तीची वा प्रतिमेची पूजा करण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर (1945–2013) यांची भूमिका याच विवेकावर उभी होती. देवाधर्माला विरोध नाही, विरोध शोषणाला आहे, असे ते सांगत. संविधानातील उपासनास्वातंत्र्य आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे नागरिकाचे कर्तव्य, या दोहोंचा ते आधार घेत. त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्येच जादूटोणाविरोधी कायदा झाला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन आणि भजन यांना या कायद्याने हात लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करीत बसणे हा मात्र गुन्हा ठरविला आहे.