जिताडा व हेकरू यांतील लिंगबदल

लिंगबदल म्हणजे एकाच माशाने आयुष्याचा काही काळ नर म्हणून आणि उरलेला मादी म्हणून, किंवा याच्या उलट, घालवणे. कोकण किनाऱ्यावर चवीसाठी नावाजलेले दोन मासे या गटात मोडतात. जिताडा (लॅटीस कॅल्कॅरिफर) आधी नर असतो व नंतर मादी होतो. हेकरू किंवा गोबरा या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक जातींत क्रम उलटा असतो.

रायगडच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. खाडीतली पिल्ले आणून तळ्यात सोडायची आणि खास पाहुण्यासाठी मोठा मासा काढायचा. या तळ्यांत जिताडा वाढतो, पण वीत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जावे लागते. साधारण तीन-चार वर्षांचा जिताडा नर म्हणून वयात येतो आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मादी होतो. म्हणूनच गाबोळी सापडते ती थोराड जिताड्यात. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त, त्यामुळे उतारवयात मादी होणे जिताड्याच्या फायद्याचे ठरते. हेकरूत मोठा नर अनेक माद्यांशी जोडी जमवू शकतो, म्हणून तिथे क्रम फिरतो. आकाराच्या फायद्याची ही उपपत्ती मायकेल घिसेलिन यांनी १९६९ मध्ये मांडली.

लिंगबदलात माशाची जनुके तीच राहतात. कोणती चालू आणि कोणती बंद, एवढेच बदलते. या उलथापालथीत मेंदूचा वाटा फार मोठा आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडून निघालेला संदेश पियुषिका ग्रंथीमार्फत जननग्रंथींपर्यंत पोचतो. तिथे तयार झालेली लिंगसंप्रेरके रक्तावाटे परत मेंदूत येतात, पेशीतील ग्राही प्रथिनांना चिकटतात आणि ही जोडी थेट डीएनएवर बसून जनुकांचे काम वाढवते किंवा थोपवते. ॲरोमॅटेज या विकराचे (एन्झाइमचे) जनुक यात कळीचे आहे, कारण ते नर-संप्रेरकापासून इस्ट्रोजेन बनवते. हाडाच्या माशांत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मुख्यतः अंडाशयात आणि दुसरी मेंदूत काम करणारी. मेंदूतली प्रत इस्ट्रोजेनमुळेच आणखी जोमाने चालते.

ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल याच वाटेने जनुकांपर्यंत पोचते. कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याच्या रास माशावर हे सर्वांत बारकाईने पाहिले गेले. कळपातला दादा नर काढून घेतला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते. तिचे अंडाशय आधीच काढून टाकलेले असले तरीही! वागणुकीतला बदल जननग्रंथींची वाट पाहत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे अवघड. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या बदलाच्या सुरुवातीला कॉर्टिसॉलशी संबंधित जनुकांची हालचाल दिसली, आणि पुढे जननग्रंथीत डीएनएवरील मिथाइल खुणांची (जनुके चालू-बंद ठेवण्यात भाग घेणाऱ्या रासायनिक खुणांची) नव्याने मांडणी होऊन ॲरोमॅटेजचे जनुक बंद पडत गेले. जिताड्याच्याही नर व मादी जननग्रंथींत लिंगाशी संबंधित जनुकांवरील मिथाइल खुणा वेगवेगळ्या आढळतात.

हे ज्ञान मत्स्यबीज केंद्रांत रोज वापरले जाते. भारतात जिताड्याचे बंदिस्त प्रजनन प्रथम चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये साधले. अशा केंद्रांत मोठ्या माद्या व लहान नर एकत्र ठेवून संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. हेकरूत मोठे नर मिळणे कठीण, म्हणून माद्यांना मिथाइल टेस्टोस्टेरॉन देऊन नर बनवतात.

मासेमारीत मात्र या गोष्टीचा विचार अजून पुरेसा होत नाही. मोठा मासा निवडून काढला की जिताड्यात माद्या कमी होतात आणि हेकरूत नर. मेक्सिकोच्या आखातातील हेकरूच्या एका जातीत नरांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास घसरल्याची नोंद आहे. पकडीसाठी किमान आकार ठरवून दिल्याने पिल्ले वाचतात, पण थोराड माशांना त्या नियमाचे संरक्षण नसते. कोकणात या दोन माशांसाठी कमाल आकाराचीही मर्यादा असायला हवी, आणि विणीच्या काळात खाडीच्या मुखाशी येणारे मोठे जिताडे तरी तिच्यात यायला हवेत.