शिक्षण राज्यांच्या हातून गेले कसे, आणि पक्षांनी बाजू बदलल्या कशा

३ जानेवारी १९७७ पर्यंत शाळा हा भारतात राज्यांचा विषय होता. त्या दिवशी ४२ व्या घटनादुरुस्तीतल्या तरतुदी लागू झाल्या, राज्य सूचीतली शिक्षणाची ११ वी नोंद गळाली आणि हा विषय समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत गेला. समवर्ती म्हणजे कायदा केंद्र आणि राज्य दोघांनाही करता येतो. पण दोन कायद्यांत विसंगती असेल तर सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा, नवे शैक्षणिक धोरण, कुलगुरूंच्या नेमणुका, हे आजचे सगळे वाद याच नोंदीभोवती फिरतात. त्यामुळे ती नोंद हलली कशी, हे नीट पाहायला हवे.

शिक्षण प्रांतांकडे सोपवण्याची पद्धत इंग्रजी अमदानीतली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. जे तिथे झाले नाही ते १९१८ मध्ये मुंबई प्रांताने नगरपालिकांपुरते का होईना, विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने करून दाखवले. पुढे १९१९ च्या कायद्याने शिक्षण लोकनियुक्त प्रांतिक मंत्र्यांकडे आले आणि १९३५ च्या कायद्याने ते प्रांतांच्याच यादीत ठेवले. राज्यघटनेनेही तोच मार्ग धरला. केंद्राकडे ठेवले ते मोजकेच: काही राष्ट्रीय संस्था आणि उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय.

केंद्राला ही चौकट अपुरी वाटत होती हे खरे. साठच्या दशकात संसद सदस्यांच्या सप्रू समितीने उच्च शिक्षण समवर्ती करावे असे सुचवले आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांचाही कल तिकडेच होता. पण १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांनी हा मार्ग नाकारला. एवढ्या मोठ्या देशात घटनेने केलेली वाटणीच बहुधा सर्वांत योग्य आहे, केंद्राने नेतृत्व करावे ते आग्रहाने नव्हे तर समजुतीने, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आयोगाची ‘राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के’ ही शिफारस प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात आलटून पालटून दिसते. ही दुसरी शिफारस मात्र कोणी आठवत नाही, आणि मला ती पहिलीइतकीच मोलाची वाटते.

मग आणीबाणी आली. फेब्रुवारी १९७६ मध्ये काँग्रेसने स्वर्णसिंग समिती नेमली. ही समिती सरकारची नव्हती, पक्षाची होती. तिच्यात महाराष्ट्रातले नेते चांगल्या संख्येने होते: अ. र. अंतुले, वसंत साठे, विठ्ठलराव गाडगीळ, आणि पुढे ज्यांनी कायदामंत्री म्हणून विधेयक मांडले ते एच. आर. गोखले. समितीने शेती आणि शिक्षण हे दोन्ही विषय समवर्ती करावेत असे सुचवले. शेती राज्यांकडेच राहिली, शिक्षण गेले. त्याच्यासोबत वने, वन्यजीवांचे संरक्षण, वजने-मापे आणि न्यायदानाची व्यवस्था हे विषयही सरकले. विधेयक २ नोव्हेंबरला लोकसभेत आणि ११ नोव्हेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. विरोधी पक्षांचे अनेक नेते तेव्हा तुरुंगात होते, लोकसभेची मुदत वाढवलेली होती. अशा दुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती लागते, पण बहुतेक राज्यांत काँग्रेसचेच सरकार होते. ज्या राज्यातून सर्वांत मोठा आवाज उठला असता त्या तमिळनाडूतले द्रमुकचे सरकार ३१ जानेवारी १९७६ लाच बरखास्त झाले होते. देशातल्या प्रत्येक वर्गखोलीवर परिणाम करणारा बदल अशा वातावरणात झाला, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

तो बदल उलटवण्याचा एक खरा प्रयत्न झाला. जनता पक्षाच्या सरकारने १९७८ च्या घटनादुरुस्तीत शिक्षण पुन्हा राज्यांकडे देण्याची तरतूद केली आणि लोकसभेने ती मंजूरही केली. राज्यसभेत काँग्रेसचे संख्याबळ होते, तिथे ती टिकली नाही. ४४ वी घटनादुरुस्ती म्हणून जे उरले त्यात आणीबाणीच्या अनेक खुणा पुसल्या गेल्या, ही राहिली.

त्या जनता पक्षात जनसंघ विलीन झालेला होता. म्हणजे ज्या प्रवाहातून १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष निघाला, तो प्रवाह १९७८ मध्ये शिक्षण राज्यांना परत देणाऱ्यांच्या बाजूने होता. उलट काँग्रेसने १९८६ च्या धोरणात समवर्ती व्यवस्थेला ‘अर्थपूर्ण आणि आव्हानात्मक भागीदारी’ म्हटले, केंद्राची निवासी नवोदय विद्यालये काढली आणि २००९ मध्ये शिक्षण हक्काचा केंद्रीय कायदा केला. सत्ता गेल्यावर, २०१९ च्या जाहीरनाम्यात, त्याच काँग्रेसने शालेय शिक्षण राज्य सूचीत परत देण्याचे आश्वासन दिले. तोवर भाजप दिल्लीत स्थिरावला होता. २९ जुलै २०२० रोजी त्याच्या सरकारने सर्व देशासाठी एक शैक्षणिक धोरण मंजूर केले. दोन्ही राष्ट्रीय पक्षांची भूमिका तत्त्वापेक्षा खुर्चीच्या जागेवरून ठरत आली आहे, हे या तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

तमिळनाडूचे तसे नाही. राजगोपालाचारींच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची केली, आंदोलन पेटले, १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली. १९६५ च्या हिंदीविरोधी उद्रेकानंतर १९६७ मध्ये द्रमुक सत्तेवर आला आणि जानेवारी १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने विधानसभेत द्विभाषा ठराव केला, म्हणजे शाळांत तमिळ आणि इंग्रजी एवढ्याच भाषा. त्याच वर्षी केंद्राने शाळांत तीन भाषा शिकवण्याचे त्रिभाषा सूत्र स्वीकारले होते. तेव्हापासून द्रमुक असो वा अण्णाद्रमुक, द्विभाषा धोरण कोणी सोडलेले नाही. नवोदय विद्यालयांनाही त्या राज्याने दार उघडले नाही. भूमिका पटो वा न पटो, तिचे सातत्य मान्य करावे लागते.

तरीही आज खरा जोर सूचीचा नाही, पैशाचा आहे. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२२ मध्ये १४,५०० शाळा आदर्श करण्यासाठी केंद्राची ‘पीएम श्री’ योजना आली. तिच्या सामंजस्य करारात २०२० चे धोरण राबवण्याची अट आहे. तमिळनाडूने सही केली नाही आणि समग्र शिक्षेचे सुमारे २,१५२ कोटी रुपये अडले, अशी त्या राज्याची तक्रार आहे. २०२५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात गेली. केरळच्या डाव्या आघाडी सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली, तेव्हा आघाडीतलाच भारतीय कम्युनिस्ट पक्ष उसळला आणि करार स्थगित ठेवण्याची वेळ आली. संसदेत एकही कायदा न करता धोरण राज्यांवर बसवता येते, ते असे.

महाराष्ट्रात मात्र पक्षांनी हा प्रश्न सलगपणे कधी लढवलाच नाही. २०१६ मध्ये नीट आली तेव्हा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी धावाधाव झाली, अध्यादेशाने एका वर्षाची सवलत मिळाली आणि विषय मिटला. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने कुलगुरू नेमणुकीतले राज्यपालांचे अधिकार मर्यादित करणारे विधेयक मंजूर केले. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि ते मागे घेतले गेले.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आले. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांची इच्छा हवी, तरच शिक्षक किंवा ऑनलाइन सोय. आपल्याकडे हजारो जिल्हा परिषद शाळांचा पटच अख्ख्या शाळेत मिळून विसाच्या आत आहे. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, पहिलीत तीन-चार मुले: अशा शाळेला ती अट कधीच पुरी करता येणार नव्हती. पर्याय कागदावर होता, गावात नव्हता.

२९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, त्रिभाषा सूत्राच्या फेरविचारासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. सत्ताधाऱ्यांनी बोट दाखवले ते महाविकास आघाडीच्या काळातल्या माशेलकर समितीकडे: हिंदीची शिफारस त्या समितीचीच, असे त्यांचे म्हणणे. ठाकरे गटाने ते फेटाळले. या आरोप-प्रत्यारोपांत एक साधी गोष्ट मागे पडली. २०२० च्या धोरणात तीन भाषांचा आग्रह आहे, पण भाषा निवडण्याचे काम राज्य, प्रदेश आणि विद्यार्थी यांच्यावर सोपवले आहे. तीनपैकी किमान दोन भारतीय असाव्यात एवढीच अट, आणि कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असे त्यात लिहिले आहे. पहिलीपासून हिंदीच हवी असे ते धोरण म्हणत नाही. तो निर्णय मंत्रालयात झाला, ज्या अधिकारासाठी तमिळनाडू न्यायालयात उभे आहे तोच अधिकार वापरून. तोही विधिमंडळात आधी चर्चा न करता, एका शासन निर्णयाने.